मिशन कंपाउंडातली विजेची गाडी

दोन हजार तेवीस सालची गोष्ट. त्या जानेवारीत शिरूरला अशी थंडी पडली होती की, ऊन चांगलं वर आल्याशिवाय घोडनदीकाठची माणसं घोंगडीतून हात बाहेर काढत नव्हती.

मिशन कंपाउंडात तेव्हा एकट्या रूथबाई उरल्या होत्या. एके काळी त्या आवारात नर्सबायांचं हसणं-खिदळणं असे, मास्तरांची मुलं चिंचेखाली भांडत असत. नाताळ आला की घरोघर करंज्यांची ताटं फिरत, आणि कुणाच्या करंज्या फुटल्या यावर पुढचा नाताळ येईपर्यंत चर्चा चाले. दवाखाना बंद झाला, शाळा गावात हलली, तशी माणसं पुण्याला, नगरला, कुणी त्याहून लांब गेली. खोल्यांना कुलपं लागली आणि ती कुलपंसुद्धा गंजली. रूथबाईंचे यजमान शमुवेल मिशनच्या जीपवर ड्रायव्हर होते. ते वारले. लेक फेथ लग्न होऊन नगरला गेली. मागं राहिली जीपची पत्र्याची शेड आणि त्या शेडमधला जाड वायरचा प्लग पॉइंट. शमुवेलना वेल्डिंगची हौस होती, म्हणून त्यांनी तो मुद्दाम बसवून घेतला होता.

त्या पॉइंटमुळे दत्ता आला. घरपोच सामान देणाऱ्या एका कंपनीची विजेवरची छोटी व्हॅन तो चालवायचा. सणसवाडीच्या गोदामातून ट्रकनं माल शिरूरला यायचा. मग दत्ता तो वाटत न्हावऱ्यावरून वडगाव रासाईपर्यंत आणि भीमा ओलांडून दौंडच्या बाजूच्या गावांत जायचा. मूळचा तो खुटबावचा. आठवडाभर स्टँडजवळच्या खोलीत राहायचा आणि सुट्टीला घरी जायचा. त्या खोलीपाशी सायकलसुद्धा नीट उभी राहत नसे, मग गाडी कुठली राहायची? कंपनीनं रूथबाईंची शेड ठरवली. दिवस मावळला की गाडी आत यायची, दत्ता वायर लावायचा आणि ओट्यावर चहाला टेकायचा.

"पुतळाबाईचा मिक्सर पोचला का रे?" रूथबाई विचारायच्या. पुतळाबाईंना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"पोचला. आन् परतबी आला. म्हणली, आवाज लई करतो, म्हस बुजती."

"मग दुसरा मागवला?"

"दुसरा न्हाई मागवला मावशी, म्हस इकायला काढली!"

रूथबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. दत्ता निघून गेला की आवार पुन्हा सुनं व्हायचं, पण पूर्वीसारखं नाही. गाडीला वीज लागली की तिच्या पोटात कुठंतरी बारका पंखा फिरे आणि त्याची संथ घरघर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई. घरात कुणीतरी निजलंय असं वाटे. रूथबाई एकटीचीच भाकरी थापायच्या, पण ती घरघर कानावर आली की हात सावकाश चालायचा.

आता शिरूरच्या थंडीत गाडीचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. जीप सकाळी चालू व्हायला नको म्हणायची, म्हणून शमुवेल असताना हिवाळाभर रोज सांजेला रूथबाई तिच्या बॉनेटवर गोधडी पांघरायच्या. आवारातल्या सगळ्या ड्रायव्हरांच्या बायका तसंच करायच्या. कुणाची गोधडी जाड, यावरून त्यांच्यात चढाओढ असे. रूथबाईंची गोधडी शमुवेलच्या जुन्या शर्टांची आणि त्यांच्या स्वतःच्या लुगड्यांची होती. दत्ता गेला की ती त्या व्हॅनच्या नाकावर घालायच्या, चारी बाजूंनी नीट खोचायच्या आणि सकाळी तो यायच्या आत काढून घ्यायच्या.

एकदा तो लवकर आला आणि त्यानं पाहिलं.

"मावशी, अवो ह्याला इंजानच न्हाई!"

"इंजिन नसलं म्हणून काय थंडी वाजत नाही?"

दत्ता पोट धरून हसला. गोधडी घालू नका, असं काही तो म्हणाला नाही. पुढंही म्हणाला नाही. म्हातारीचा जीव रमतोय, रमू दे, असं त्याला वाटलं असावं.

मग एका सकाळी गाडीत वीजच नव्हती. काट्यावर लाल दिवा, आणि वायर लावली तरी पंखा गप्प. दत्तानं सणसवाडीला फोन केला. तिथं गाड्यांचं सगळं राजनंदिनी मॅडम पाहत. वयानं लहान, पण बोलणं तासून काढल्यासारखं.

"दत्ता, खरं सांगा. शेतात कुणाच्या पाण्याच्या मोटारीच्या लाइनवर चार्जिंगला लावली होती का?"

"न्हाई मॅडम. आईची आन."

"आधीच्या ड्रायव्हरनंही आईचीच आण घेतली होती. मेकॅनिक पाठवते. गाडीतला चार्जर गेला असेल तर नवा यायला वेळ लागेल. आणि नियम तुम्हाला ठाऊक आहे. चूक ड्रायव्हरची निघाली तर ड्रायव्हर बदलतो, जागेची निघाली तर जागा."

नवा चार्जर येईपर्यंत गाडी शेडमध्येच राहिली. दुसऱ्या गाडीवर काम मिळेना, म्हणून दत्ता सकाळपासून ओट्यावर येऊन बसायचा. त्यानं रूथबाईंचा गळका नळ बसवला, चिंचा झोडल्या, फेथच्या लग्नातले फोटो पाहिले. दुपारी दोघं समोरासमोर जेवायचे. "तुमच्यात कोरड्यासात चिंच लई घालत्यात," म्हणत तो दोनदा वाढून घ्यायचा. कितीतरी वर्षांत रूथबाईंनी दुपारची दोन ताटं मांडली नव्हती. गाडी बिघडली याचं त्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती. कारण ओट्यावरून उठताना दत्ता रोज एकच वाक्य बोलायचा, "काय व्हतंय कुणास ठावं मावशी. नोकरी गेली तर खुटबावला कोणत्या तोंडानं जाऊ? धाकल्या भावाचं लगीन काढलंय."

मेकॅनिक सत्यजीत नवा चार्जर घेऊन आला तो सकाळच्या उन्हात. अंगानं किरकोळ, बोलायला मोकळा.

"मावशी, जरा लांब बसा हं. हिच्या बॅटरीतला करंट घरातल्यासारखा नसतो, उठूच देत नाही माणसाला."

त्यानं आधी बॅटरीची मोठी पिन उपसून खिशात ठेवली, म्हणजे चुकूनही कुणी ती लावायला नको. मग थोडा वेळ नुसता बसून राहिला. रूथबाईंनी विचारलं, "का रे, चहा हवाय?" तो म्हणाला, "चहा तर हवाच. पण आत उरलेली वीज विझायची वाट बघतोय." मग कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे चढवले, मीटर लावून खात्री केली, नारिंगी वायरी सोडवल्या आणि नाकामागची चार्जरची पेटी बाहेर काढली. घरची वीज बॅटरीला तशीच चालत नाही, ही पेटी ती बॅटरीजोगी करून देते, असं त्यानं चहा पिता पिता सांगितलं. पेटी एका अंगाला काळी पडली होती. जळक्या रबराचा वास आला.

सत्यजीतनं पेटीचा पंखा उघडला आणि चिमट्यानं आतलं काहीतरी ओढलं. दोऱ्यांचा गुंता निघाला, आणि त्यात निळ्या चौकड्याच्या कापडाची एक चिंधी.

"हे काय? पंखाच अडकलाय. हवा नाही म्हणून पेटी भाजून निघाली."

दत्तानं चिंधी पाहिली आणि लगेच मान फिरवली. "न्हावऱ्यात शिंप्याच्या दारात गाडी लावली व्हती. तिथनं उडून गेलं आसंल."

"शिंपी नवं कापड कापतो, दत्तोबा. हे तर धुऊन धुऊन पार विरलंय."

"आल्टरचा शिंपी हाय तो."

"मग लिहू काय? ड्रायव्हरनं गाडी नको तिथं उभी केली?"

दत्तानं ओट्याकडे पाठ केली. मग म्हणाला, "लिहा."

रूथबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. सगळं कानावर पडत होतं. त्या बोलल्या नाहीत तर गाडी इथंच राहील, सांजेला आत येईल. पण तिच्यावर कुणी दुसराच असेल. बोलल्या तर दत्ता राहील, पण त्याची गाडी दुसऱ्या कुणाच्या दारात उभी राहील. निवडलेले तांदूळ त्यांनी सुपात पुन्हा निवडायला घेतले. सत्यजीतनं खिशातलं पेन काढलं, तेव्हा उठल्या. आत जाऊन गोधडी आणली आणि त्याच्यासमोर पसरली. एका कडेला निळ्या चौकड्याचा तुकडा फाटून लोंबत होता.

"जुळतंय का बघ, बाळा. रोज सांजेला मीच घालत होते. दत्ताचा यात काही संबंध नाही."

"वायर लागलेली असताना?"

"मग काय दुपारी घालू? थंडी सांजेला पडते."

सत्यजीतला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. फोनवर राजनंदिनी मॅडमनाही त्यानं जसं होतं तसं सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजींना द्या." रूथबाईंनी फोन कानाला लावला.

"आजी, राग नाही हं. माझी आजीही असंच करते, टीव्हीवर टॉवेल टाकते. पण मला जागा बदलावी लागेल."

"बदल ना, बाई. पण पोराला काही करू नकोस."

सत्यजीत फोन घेऊन फाटकाकडे गेला, तसा दत्ता रूथबाईंवर उखडला. "कशापायी बोललात मावशी? मी निभावलं आस्तं!"

"काय निभावलं असतंस? आल्टरचा शिंपी म्हणे! खोटं कसं बोलावं ते शमुवेलना विचारायचंस. चर्चचे पाळकसाहेबसुद्धा फसायचे."

दत्ताला हसूही येईना आणि रडूही. तो नव्या पेटीचे बोल्ट धरायला जाऊन बसला.

दुपार कलली तेव्हा नवा चार्जर बसला. सत्यजीतनं लॅपटॉप जोडून गाडीला त्याची ओळख करून दिली, पिन परत बसवली आणि शेडमधल्या पॉइंटला वायर लावली. रूथबाई कान देऊन उभ्या राहिल्या.

"लागली का वीज?"

"लागली की. हिरवा दिवा बघा."

"आवाज नाही येत."

"ह्या नव्या पेटीला पंखाच नाही, मावशी. बाहेरून नुसत्या अॅल्युमिनियमच्या पात्या आहेत, हवेनं आपोआप गार होते. आता कधी कुरकुर नाही ऐकू यायची."

"बरं झालं," रूथबाई म्हणाल्या. दिवेलागणीच्या आत दत्ता गाडी घेऊन फाटकाबाहेर पडला. वळताना त्यानं दोनदा हॉर्न वाजवला.

गाडी पुढं न्हावरा फाट्यावरच्या एका गोदामात लागायला लागली. दत्ताची नोकरी राहिली. भावाच्या लग्नाला त्यानं रूथबाईंना खुटबावला नेलं, पहिल्या पंगतीत बसवलं आणि सगळ्यांना "ह्या आमच्या शिरूरच्या मावशी" म्हणून सांगितलं. काही महिने तो वाकडी वाट करून चहाला यायचा. मग कंपनीनं त्याला नुसती नदीपलीकडची दौंडची बाजू दिली, आणि शिरूरला येणं थांबलं. पुढं त्यानं ड्रायव्हरकी सोडली. गावात पिठाची गिरणी टाकली, आणि ती चांगली चालते असं कळतं. सत्यजीत चाकणला जास्त पगारावर गेला. राजनंदिनी मॅडमचं लग्न झालं, त्या आता हैदराबादला असतात.

फेथनं आईला एका हिवाळ्यात नगरला नेलं. तिथं जावई, नातवंडं, शेजारणी, सगळे प्रेमानं वागायचे, पण सगळ्यांना सारखं कुठंतरी जायचं असायचं. रूथबाई परत आल्या.

दत्ताचा दर नाताळाला फोन यायचा. गेल्या नाताळाला आला नाही. वाट पाहून रूथबाईंनीच लावला. बायकोनं उचलला. मागं गिरणीचा मोठा आवाज होता.

"कोण मावशी?" तिनं विचारलं. रूथबाईंनी सांगितलं.

"बरं, ते गिऱ्हाइकात हायेत. सांगते त्यांना," ती म्हणाली.