उजवा कोपरा

नवऱ्याची पाठ धरली आणि हॉलमधल्या मत्स्यटाकीचा कारभार तिच्या गळ्यात पडला. डॉक्टरांनी त्याला उठायलाच मनाई केली होती. जमिनीवर गादी घालून, टाकीकडे डोकं करून तो उताणा पडला होता. मान वळवता येईना, म्हणून पायांकडच्या भिंतीला कपाटाचा जुना आरसा टेकवून घेतला होता. दिवसभर आरशात टाकी बघायची आणि पडल्या पडल्या हुकूम सोडायचे.

टाकी खाऱ्या पाण्याची. आत प्रवाळ, चार मासे आणि तळाला चार बोटं जाडीची वाळू, दुकानदाराच्या भाषेत 'जिवंत', म्हणजे घाण खाणारे जंतू असलेली. ती वाळू आता काढायची होती. इतक्या वर्षांत तिच्यात घाण मुरली होती, खालचा थर काळा पडला होता आणि प्रवाळ कडांनी पांढरे व्हायला लागले होते.

"एकदम नाही हं," तो म्हणाला. "सगळी ढवळलीस तर खालचं विष पाण्यात उतरेल. आज एवढा एकच पट्टा. पाइपाने ओढायची, बादलीत सोडायची."

"जिवंत वाळू आणली म्हणून नाचत होतास ना?" सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या. बाळ त्यांच्या खांद्यावर होतं. "झाली ना शेवटी म्हातारी?"

"आई, तू त्यात पडू नकोस."

"मी कशाला पडू? पडलायस तू."

ती हसली. हसायची जागा तिला बरोबर कळायची. बाळ झाल्यापासून तिचं असंच चाललं होतं. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, कशात म्हणून चूक नाही. बाळ रडलं की ती लगेच उठायची, पण गजर वाजल्यावर उठावं तशी. आत काही हलायचंच नाही. हे ती कुणाला बोलली नव्हती. एकच प्रश्न तिला सारखा कुरतडायचा: बाळाला खरंच काही झालं, तर आपण धावू का? की नुसत्याच उभ्या राहू?

"पिवळा कुठेय?" तिने विचारलं. पिवळा म्हणजे बोटाएवढा मासा. टाकीतला दिवा बंद असला की तो वाळूत शिरून झोपायचा, आणि सकाळी दिवा लागल्याशिवाय साहेब वर यायचे नाहीत. आज तो अजून लावला नव्हता.

"काल डावीकडे घुसताना बघितला मी. तू उजवा कोपरा घे."

ती टाकीपुढे उभी राहिली, तशी आरशात नुसती तिची पाठ दिसू लागली. तिने पाइपाचं एक टोक उजव्या कोपऱ्यात खुपसलं, दुसरं खाली बादलीत सोडलं. पाणी ओढ घेऊ लागलं. आधी पांढरी वाळू सरसर गेली, मग करडी, मग काळी. सडक्या अंड्यासारखा वास सुटला.

"दार लाव गं ते!" सासूबाई ओरडल्या.

मग पाइपातून काहीतरी पिवळं सर्रकन गेलं.

बादलीतल्या काळ्या पाण्यात पिवळा एकदा वर आला, उलटा झाला, परत खाली गेला. ती बघत राहिली. हे आपण बघतोय, एवढंच तिला कळत होतं. पाइप चालूच होता. बादली भरली, वाहू लागली, पाणी तिच्या पावलांवरून गादीच्या कडेपर्यंत गेलं.

"अगं, पाणी!" नवरा ओरडला. "पाइप काढ!"

तिने पाइप काढला. शेजारी बाळाच्या अंघोळीचा मग होता, त्याने बादलीत चाचपून मासा उचलला आणि टाकीत भरायला ठेवलेल्या ताज्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत सोडला. मासा कुशीवर पडून राहिला. कल्ले मात्र हलत होते.

"पिवळा होता का? उजवीकडे कसा?"

"तुझी डावी बाजू. आरशातली. इथे ती उजवी."

त्याने आरशाकडे बघत आपला डावा हात उचलून पाहिला. मग म्हणाला, "अरे देवा. तुला कळलं होतं?"

"कळलं होतं बहुतेक."

"मग बोलली का नाहीस?"

तिने खरंच विचार करून पाहिला. "बोलावंसं वाटलंच नाही. मला काही वाटतच नाही रे."

"जाऊ दे. मासाच तो. जगेल."

"माशाचं नाही म्हणत. बाळाचं म्हणतेय."

आरशातून तो तिच्याकडे बघत होता. ती बादलीकडे बघत होती. हे वाक्य इतके दिवस तिने अडवून धरलं होतं. तोंडातून निघालं तेव्हा दूधवाल्याला निरोप द्यावा इतक्या साध्या आवाजात निघालं.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. बाळ आता झोपलं होतं.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून, आई."

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरतेय, आमची सून किती शांत, एकदा म्हणून चिडत नाही." त्यांनी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दे."

"आत्ता नको. पाणी पुसायचंय अजून, आणि याची गादी..."

"भिजू दे त्याला. नंबर."

तिने नंबर लावून फोन दिला. स्टुलावर बसली. आता रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली. आलं नाही. पाय मात्र गार पडले होते, ते तिला जाणवत होते.

"हॅलो? हो, हो, तिची सासू बोलतेय," सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "नाही, बाळ छान आहे. मी आईसाठी फोन केलाय."