पोशेरा ते हरिहरेश्वर, मार्गे वाडा

जव्हारच्या पंचायत समितीत मी कारकून आहे. तालुक्यात कुणाला लांबच्या प्रवासाला निघायचं असलं की तो आधी माझ्या टेबलाशी येतो. माझ्याकडे रस्त्यांचा मोठा नकाशा आहे, एसटीचं वेळापत्रक आहे, आणि कुठल्या घाटात किती वेळ खोळंबा होईल याचा अंदाज आहे. मी स्वतः नाशिकच्या पुढे कधी गेलेलो नाही. मला गाडी लागते. पण हे कुणी विचारल्याशिवाय मी सांगत नाही.

२००३च्या मार्चमध्ये उमेश आला. उमेश पोशेऱ्याचा, मोखाडा तालुक्यातल्याच एका शाळेत मास्तर. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला गोकुळदादा म्हणतो. सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेला तो डीएड होऊनच बाहेर पडला. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, आणि आता त्याच्या डोक्यात आलं होतं की आईबापाला एकदा जग दाखवायचं. मेच्या सुट्टीत सात दिवस, स्वतंत्र जीप करून, डोंगर आणि समुद्र दोन्ही. आई कमू, बाप लक्ष्या, बायको ममता, सात वर्षांची चैती आणि तो. भात आणि नागली सोडून आईबापानं काही बघितलेलं नाही, असं तो म्हणाला. म्हणताना तो वर्गात बोलावं तसा उभा राहिला. मास्तर लोकांचं असं होतं.

मी कामाला लागलो. पहिला दिवस खोडाळ्यावरून इगतपुरी, घोटी, भंडारदरा. तिथलं अभयारण्य बघून दुसऱ्या दिवशी संगमनेर, पुणे. तिसरा दिवस महाबळेश्वर. चौथ्या दिवशी प्रतापगड करून आंबेनळी घाटानं पोलादपूरला खाली उतरायचं. पाचवा दिवस हरिहरेश्वर, सहावा मुरूड आणि अलिबाग, सातव्या दिवशी पेण, पनवेल, भिवंडी, वाडा करत घरी. एका पानावर मी हे सगळं वेळांसकट लिहिलं, आणि खरं सांगायचं तर पान फार सुंदर झालं.

अडचण एकच होती. जीप मधूची. तो एरवी जव्हार-मोखाडा-खोडाळा अशी माणसं भरून नेतो आणि मेमध्ये सगळा महिना वऱ्हाडं वाहतो. त्याच्याकडे २ ते ८ मे एवढेच दिवस मोकळे निघाले. त्याच्या पुढची तारीख थेट पावसात जात होती. म्हणून २ तारखेला पहाटे निघायचं ठरलं आणि मधूला शब्द दिला.

एप्रिलच्या एका रविवारी मी पान घेऊन पोशेऱ्याला गेलो आणि ओटीवर बसून घरच्यांना वाचून दाखवलं. लक्ष्या ऐकत होता की नाही ते कळलं नाही, तो दोरी वळत होता. चैतीनं समुद्र किती खोल असतो ते विचारलं. कमू दारात उभी राहून सगळं लक्ष देऊन ऐकत होती, भंडारदऱ्याचा धबधबा मेमध्ये नसतो म्हटल्यावर चुकचुकलीसुद्धा. पाचव्या दिवसापाशी आलो तेव्हा उमेशनं मला थांबवून तिला सांगितलं, की हरिहरेश्वरला अभिषेक करायचा आहे, तुम्ही दोघांनी जोडप्यानं बसायचं. कमू आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली आणि म्हणाली, "मी नाय येत. तुमी जा."

का, ते सांगेना. उमेशनं विचारलं, ममतानं विचारलं. शेवटी शेळ्यांचं कारण पुढं केलं.

मी आखणी करणारा माणूस. अडचण आली की ती पानावर सोडवायची, ही माझी सवय. शेळ्यांसाठी मी शेजारचा रघु ठरवून दिला. पुढच्या रविवारी कळलं की शेळ्यांची सोय झाली तरी ती येत नाही. मग मी ओळखलं की तिला गाडी लागत असणार आणि सांगायची लाज वाटत असणार. याबाबतीत माझ्याइतकं कुणाला कळणार? मी घाटाचे टप्पे लहान केले, तिची जागा पुढं मधूशेजारी लिहिली, आवळासुपारी आणि लिंबं यादीत टाकली. तिसऱ्या रविवारी उमेशचा निरोप आला की आई आता जेवणही नीट करत नाही, आणि तुझी लिंबं तुलाच ठेव. त्याचं बरोबर होतं, पण मला राग आला.

ती आली नाही तर सहलीला अर्थ नव्हता. उमेश सगळं करत होता ते तिच्यासाठी. बाप नको म्हणाला असता तर त्यानं फारसं मनावर घेतलं नसतं. शाळा सकाळची झाल्यापासून तो रोज दुपारी आईच्या मागं मागं हिंडत होता, लहान मुलं हट्ट करतात तसा.

२५ एप्रिलला मी पुन्हा गेलो, मधूला नाही सांगायचं तर आता सांगायला हवं होतं. कमू अंगणात नागली पाखडत होती. उमेश पायरीवर बसला होता. मी तिला म्हणालो, की मावशी, येऊ नका, पण कारण तरी सांगा, मला कागद बंद करायचा आहे. सरकारी माणसाचं हे बोलणं तिला का पटलं कोण जाणे. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "देवाम्होरं जोडप्यानं बसायचा म्हणता. माजा लगीन कुठं झालाय?"

इथं जरा थांबून सांगायला हवं. आमच्या डोंगरात बाई आणि पुरुष एकत्र राहायला लागतात आणि लग्न सवडीनं होतं. मांडव, जेवण, धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई, हे सगळं जमायला पाच वर्षं लागतात, पंधराही लागतात. कुणी त्याला नावं ठेवत नाही. माझ्या आईबापाचं लग्न झालं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि मला नवा सदरा मिळाला होता. फक्त एक असतं. ज्यांचं लग्न लागलेलं नाही त्यांना कुठल्या विधीला जोडप्यानं बसता येत नाही, मुलाच्या लग्नातसुद्धा. म्हणून बहुतेक लोक मुलांची लग्नं निघायच्या आधी घाईनं आपलं उरकून घेतात. हे मला माहीत होतं. माझ्यासारख्या जामसर गावात वाढलेल्या माणसाला हे माहीत असतंच. आणि मी लिंबं लिहीत बसलो होतो.

उमेशला मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. तो वसतिगृहात होता, मग डीएडला होता. त्याचं लग्न ठरलं ते ममताच्या घरच्यांच्या घाईनं, आठ दिवसांत. तो हळूहळू म्हणाला, "माझ्या लग्नात फागूकाका आणि काकू बसले होते." काका थोरला म्हणून त्याला मान दिला, असं तो आठ वर्षं समजत होता. मी त्या लग्नाला होतो. कमू दिवसभर चुलीपाशी होती, हळदीच्या वेळीही. मला ते तेव्हा दिसलं होतं आणि त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाईट वाटलं, चांगलंच वाटलं.

कमू पुढं म्हणाली, की सूनबाई आणायची घाई होती, आपलं कुठं काढायचं, म्हणून गप्प राहिले. एकदा राहिले ते राहिले. पण देवाच्या दारात खोटं बसणार नाही.

उमेश उठून घरामागं गेला. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. सहल गेली खड्ड्यात, आधी तुमचं लग्न, असं त्यानं जाहीर करून टाकलं. कमूनं सहल खड्ड्यात घालू दिली नाही. तिला समुद्र बघायचाच होता. मग माझ्याकडे काम आलं. वार पाहिले, धवलेरी येसूमावशीला विचारलं, ती म्हणाली तीन दिवसांत बसवते. २, ३ आणि ४ तारीख लग्नाला. राहिले चार दिवस. भंडारदरा गेलं, महाबळेश्वर गेलं, प्रतापगड गेला. डोंगर सगळे कापले आणि समुद्र ठेवला. ५ तारखेला वाड्यावरून निघून माणगावला मुक्काम, ६ला हरिहरेश्वर, ७ला मुरूड-अलिबाग, ८ला संध्याकाळी परत. डोंगर तर आपल्या दारातच आहेत, असं मी स्वतःची समजूत घालायला म्हणालो. ते सुंदर पान मात्र वाया गेलं.

नवरदेवाला विचारायचं राहिलंच होतं. लक्ष्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की नातीदेखत हळद लावून घेऊ का, गाव हसेल. एवढं बोलून कोयता घेऊन रानात गेला. रात्री येऊन जेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. कमूनं त्याला एक शब्द विचारला नाही, पण त्या दोन दिवसांत तिनं तीच नागली चारदा पाखडली, असं ममता सांगत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी लक्ष्या परतला तो खांद्यावर मांडवाच्या मेढी आणि हातात उंबराची फांदी घेऊन. उंबराच्या फांदीशिवाय आमच्याकडे मांडव उभा राहत नाही. ती त्यानं दाराशी टेकवली आणि पाणी मागितलं. कमूनं पाणी दिलं.

लग्न चांगलं झालं. गाव हसलं, पण जेवूनही गेलं. भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहिला, येसूमावशीनं रात्र रात्र गाणी म्हटली. पहिल्याच दिवशी तिनं एक प्रश्न काढला होता. नवऱ्याकडून मायबापाच्या जागी फागूकाका-काकू बसतील, पण नवरीकडून कोण? कमूचे आईवडील कधीच गेले होते, भाऊ नव्हता, माहेरच्या वाडीत घरच उरलं नव्हतं. लग्न झालेलं जोडपं हवं आणि ते तिच्या हक्काचं हवं. येसूमावशीनं सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि उमेश-ममताला पाटावर बसवलं. आईच्या लग्नात मुलगा मुलीचा बाप झाला. चैती करवली झाली. उमेशला पहिल्यांदा हसू येत होतं, मग हळद लावायची वेळ आली तेव्हा ते गेलं.

५ तारखेला सकाळी मधूची जीप दारात लागली. सामान वर बांधलं. उमेश पिशवी घेऊन चढायला गेला तशी येसूमावशी आडवी आली. मुलीचे मायबाप वरातीमागं जात नाहीत, करवली तेवढी जाते, असं ती म्हणाली. उमेशनं तिला समजावलं, की मावशी, ही वरात नाही, सहल आहे, मी दोन महिने आखतोय. आखली मी होती, पण ते असो. येसूमावशीचं म्हणणं सरळ होतं. नवरानवरी गाडीत बसून मांडवातून निघाली की ती वरातच, मग ती कुठंही जावो.

मी तिच्याशी वाद घालणार होतो. नियम वाकवता येतात, हे मला कचेरीनं शिकवलं आहे. उमेशनं आईकडे बघितलं. ती एक शब्द बोलली असती तरी येसूमावशी बाजूला झाली असती, सगळ्यांना ते माहीत होतं.

कमू नव्या लुगड्यात होती, कपाळावर अजून पिवळं होतं. ती त्याच्याजवळ आली. "मी या घरात आले ते बाजारातून सरळ," ती म्हणाली. "डोक्यावर मिठाचा गाठोडा. मला पाठवाया मांगं कोणी उभा नव्हता. आता तू उभा रहा."

उमेशनं पिशवी खाली ठेवली. ममतानं चैतीचे केस पुन्हा एकदा बांधले आणि तिला आत बसवलं. रिकाम्या झालेल्या दोन जागा फागूकाका-काकूंनी लगेच भरल्या, नवऱ्याकडचे म्हणून त्यांना सगळी मुभा होती आणि काकांची पिशवीही कशी कोण जाणे तयारच होती. लक्ष्या मागच्या बाकावर अवघडून बसला. कमू चढताना रडली. आधी रीत म्हणून रडली, मग खरंच रडू आलं, आणि ममताला धरून ती बराच वेळ थांबली. उमेशनं बापाचा हात हातात घेतला. मुलीच्या बापानं जावयाला जे सांगायचं असतं ते त्यानं सांगितलं, "सांभाळ तिला." लक्ष्यानं मान हलवली. वर बघितलं नाही.

जीप निघाली. धूळ बसली, बायका मांडव आवरायला आत गेल्या. उमेश रस्त्यातच उभा होता. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"दादा," तो म्हणाला, "परत कधी येईल ती?"

"आठ तारखेला. संध्याकाळी सहाला, वाड्यावरून."

हे त्याला माझ्याइतकंच पाठ होतं. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा तेच विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं.