विड्याच्या पानावरचं वाघनख

"फिरलं! नख फिरलं!"

लंडनमधल्या, म्हणजे कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधल्या लंडनमधल्या, शैलेंद्रच्या बेसमेंटमध्ये चाळीस माणसं एकदम पुढे सरकली. पितळी परातीत पाणी, पाण्यावर विड्याचं पान, पानावर वाघनख. समोर व्याघ्रानंद महाराज. वर भगवी शाल, आत पफर जॅकेट.

"वनराज स्वतः दुखणं हुडकतो!" महाराज गरजले. "ना एमआरआय, ना सहा महिन्यांचं वेटिंग!"

नख वळत वळत शैलेंद्रच्या बायकोसमोर, केयासमोर थांबलं. थायरॉइडच्या गोळ्या तिने महाराजांच्या सांगण्यावरून दोन आठवड्यांपूर्वीच बंद केल्या होत्या.

मागच्या खुर्चीत उल्काताई बसल्या होत्या. निवृत्त डॉक्टर, नवरा गेल्यापासून चार वर्षं एकट्या. मराठीत हाक मारणारी माणसं त्यांना रविवारी इथेच भेटत. बाकी दिवस त्या घरबसल्या विदर्भातल्या एका व्याघ्रप्रकल्पाला मदत करत. गावकरी जंगलात कॅमेरे लावत, संगणक फोटोंतले पट्टे जुळवी, आणि तो अडला की फोटो उल्काताईंकडे येत. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. गेल्या महिन्यात त्यांच्या चांगल्या ओळखीची एक वाघीण फोटोत आली ती मेलेली, चारही पंजे कापलेली.

गप्प बसलं तर रविवार शाबूत राहणार होते. त्या उठल्या.

"महाराज, बोटातली अंगठी काढून एकदा फिरवून दाखवा."

"गुरूंची अंगठी आहे, माई. काढली तर कोप होईल."

"मग राहू द्या." त्यांनी फ्रिजवरचं नायगाऱ्याचं मॅग्नेट काढून परातीजवळ नेलं. नख गर्रकन वळलं आणि निमूट मॅग्नेटच्या मागे फिरू लागलं. कोणीतरी फिस्सकन हसलं.

उल्काताईंनी नख उचललं, बुडाचं मेण टोकरलं. आत खिळ्याचं टोक होतं.

"वाघाच्या नखात खिळा नसतो. हे कोरलेलं शिंग दिसतंय. आणि चुंबक आहे अंगठीत."

"मग बरंच की, काकू," शैलेंद्र चिडून म्हणाला. "वाघ तर मेला नाही ना!"

"आज तू खोट्या नखाला हात जोडशील, उद्या दुसरा खरं मागेल. ते आणायला कोणीतरी जंगलात जातोच, शैलेंद्र."

महाराज वॉशरूमला म्हणून वर गेले ते परतलेच नाहीत. पण उल्काताईंशीही कोणी बोललं नाही. दर रविवारी त्यांना घरी सोडणारा रविकांत आज एकटाच गाडी काढून निघून गेला.

त्या बर्फातून बसस्टॉपवर पोचल्या, तोच मागून केया धावत आली. पायांत नुसत्या स्लिपर.

"काकू, सगळ्यांसमोर बोलायलाच हवं होतं का? आता कोण बोलावणार तुम्हाला?"

"कोणी नाही बहुतेक." उल्काताईंनी तिची शाल नीट केली. "तू उद्या सकाळी डॉक्टरांना फोन कर, गोळ्या बंद केल्याचं सांग. आणि मी म्हणते म्हणूनही मानू नकोस. घरी खिळा घे, मॅग्नेट घे, स्वतः करून बघ. कोणीही काहीही दाखवलं तरी तेवढं करायचं."

केयाने मान हलवली. बस आली. ड्रायव्हर "हाय" म्हणाला, त्याही "हाय" म्हणाल्या. पुढच्या रविवारपर्यंत त्यांच्याशी समोरासमोर कोणी बोललं असेल, तर तेवढंच.