अंबाडा, फ्रेमच्या डावीकडे

वरच्या मजल्यावरची खोली कोणाला द्यायची, हे सासूबाई सिनेमा संपल्यावर सांगणार होत्या. दोन्ही जावई एकत्र सापडायचे ते अशाच वेळी. सिनेमा म्हणजे सासऱ्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाचं चित्रण, आणि ते केलं होतं थोरल्या जावयानं. तो कॉलेजात सिनेमा कसा बघावा हे शिकवायचा. वरच्या खोलीत त्याला स्वतःचे वर्ग काढायचे होते. धाकटा जावई दातांचा डॉक्टर. त्याला तिथं खुर्ची बसवायची होती.

केक कापायचा प्रसंग सुरू होऊन सहा मिनिटं झाली तेव्हा धाकट्यानं रिमोट उचलून चित्र थांबवलं.

"सगळे आहेत," तो गोड आवाजात म्हणाला. "आईच तेवढ्या दिसत नाहीत."

दिसत होत्या, पण मागून. फ्रेमच्या डावीकडे एक अंबाडा आणि त्याखाली अर्धा खांदा. खरी गोष्ट अशी, की ऐन वेळी कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती, चार्जरची वायर आखूड होती आणि जवळचा एकुलता एक प्लग सासूबाईंच्या खुर्चीमागे होता. त्यांना 'जरा सरकता का' म्हणायची थोरल्याची छाती झाली नव्हती.

सासूबाईंनी चष्मा पुसला. "काय हो प्रोफेसर, मी कोणाचं घोडं मारलं होतं?"

 थोरल्याच्या मदतीला वीस वर्षांची मास्तरकी धावून आली.

"आई, हा खांद्यावरून घेतलेला शॉट. ज्याचा खांदा, त्याची नजर. बाकीचे नुसते दिसतात; बघताय तुम्ही."

"अस्सं."

"शिवाय फ्रेमचे उभे तीन भाग पाडले, तर तुमचा अंबाडा बरोब्बर पहिल्या रेघेवर येतो. वजनदार माणसाची जागा तीच. मधोमध काय, कोणालाही ठेवतात."

मधोमध धाकटा होता, गालात केक कोंबलेला. थोरल्याच्या बायकोनं हसू दाबायला खिडकीकडे तोंड फिरवलं.

"आणि उजवीकडे ही नुसती भिंत?" धाकट्यानं विचारलं. "ती चुकून राहिली वाटतं."

थोरला आता रंगात आला होता. "रिकामी जागा चुकून राहत नसते, राखावी लागते. अडाणी माणसाला ती दिसली की तिथं काहीतरी आणून ठेवावंसं वाटतं. जाणकार तिला हात लावत नाही. सगळ्या फ्रेमला श्वास तिथूनच मिळतो."

"मागे घ्या बघू जरा," सासूबाई म्हणाल्या. प्रसंग पुन्हा बघितला गेला. अंबाड्याकडे त्या भलत्याच कौतुकानं बघत होत्या. थोरल्याला मनातल्या मनात वर मांडलेली बाकंसुद्धा दिसू लागली.

"पटलं," त्या उठत म्हणाल्या. "दोन महिने तुम्ही दोघं माझं डोकं खाताय, पण इतकं नीट कोणी समजावलं नव्हतं. वरची खोली रिकामीच राहू दे. घराला श्वास मिळेल."

दोन्ही जावयांनी एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत प्रथमच दोघांचं एकमत होतं, पण ते सांगायचं कोणाला?

खोलीची किल्ली मुठीत घेऊन सासूबाई निघाल्या. मागून फक्त अंबाडा दिसत होता आणि अर्धा खांदा. थोरल्यानं सवयीनं अंदाज घेतला. बरोब्बर रेघेवर.