जिन्यातलं ऑर्किड

सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, तेव्हा जाताना घराबद्दल, मुलाबद्दल किंवा नातवाबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या त्या ऑर्किडबद्दल. "कुंड्या हलवू नकोस, पाणी बेतानं घाल, आणि सारखा हात लावत बसू नकोस. त्यांना माझ्या हाताची सवय आहे."

पाच कुंड्या. न्हाणीच्या दाराशेजारी, स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या मांडणीवर ओळीनं बसलेल्या. सुनेनं मान डोलावली. आता त्यातल्या चारांची पानं पिवळी पडली होती, कळ्या न उमलताच गळत होत्या, आणि ढब्बू हसेनासा झाला होता.

ढब्बू म्हणजे तिचा मुलगा. अजून नीट बसताही न येणारा, नावाला शोभेल असा. हल्ली सकाळी दूध ओकायचा आणि मग मान टाकून झोपायचा. ती झोप तिला झोपेसारखी वाटायची नाही. उचलला की ओल्या टॉवेलसारखा खांद्यावर लोंबायचा. तिचं स्वतःचंही डोकं ठणकत असायचं, पण त्याकडे बघायला कोणाला सवड होती. ती पोराला उचलून दवाखाना गाठायची, आणि डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर हा पठ्ठ्या टक्क डोळे उघडून त्यांच्या गळ्यातली नळी ओढत असायचा.

"छान आहे हो बाळ," डॉक्टर म्हणायचे. "तुम्ही झोपता का नीट?"

तिसऱ्या खेपेला त्यांनी तपासलं ढब्बूला आणि गोळ्या लिहून दिल्या तिला.

"आमच्या डॉक्टरीणबाईंना रोगी मिळाला नाही की त्या घरीच तयार करतात," नवरा म्हणाला. तो वाईट नव्हता. सकाळी लवकर निघायचा, दिवेलागणीला यायचा, तोवर दिवसभराचं धुणंपाणी उरकलेलं असायचं आणि ढब्बूही जरा तरतरीत झालेला असायचा. त्याला दिसायचं ते हसरं बाळ आणि रडवेली बायको. घरी असायचा तो फक्त रविवारी, आणि रविवारी नेमकं त्याचं डोकं दुखायचं. "रविवारी डोकं दुखणं हे लग्न झाल्याचं लक्षण आहे," असं तो सगळ्यांना सांगायचा.

पोराचं कोणी ऐकेना, तेव्हा तिनं झाडांना धरलं. झाडं निदान दवाखान्यात नेल्यावर बरं असल्याचं सोंग करत नव्हती. आणि तिच्या मनात एक अभद्र विचार घर करून बसला होता: पोर आणि झाडं दोन्ही आपल्याच हातात सुकतायत, म्हणजे खोट हातात असणार. झाडांचं कारण सापडलं तर तो विचार तरी खोटा ठरेल.

तिनं मन लावून शोध घेतला. पाणी जास्त झालं म्हणावं, तर मुळं कुजायला हवीत. एक झाड कुंडीतून उपसून बघितलं तर मुळं टणक, चंदेरी हिरवी. ऊन लागलं म्हणावं, तर खिडकीच्या बाजूची पानं करपायला हवीत. इथे उन्हापासून सगळ्यांत लांब, न्हाणीच्या दाराला खेटून बसलेलं झाड सगळ्यांत जास्त पिवळं. कीड म्हणावी, तर पानांच्या खालून कापूस फिरवला, तो पांढराच्या पांढरा. खालचं एखादं जुनं पान पिकून गळतं ते ठीक, पण इथे वरची कोवळी पानंसुद्धा फिकी पडलेली. फुलं तर सुकतही नव्हती, नुसती मिटून घेत होती.

ढब्बूसारखी, असं तिच्या मनात आलं आणि तिनं जीभ चावली.

सासूबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, त्यांना सवय आहे माझी. तू पोरालाही असंच कोंडून ठेवतेस. जरा वारा लागू दे की त्याला."

वाऱ्यानंच तर पहिली सर्दी झाली होती. सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात. आंघोळीच्या वेळी न्हाणीच्या झरोक्यातून गार झोत थेट ढब्बूच्या पाठीवर यायचा. लंगोटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिनं तो झरोका बंद केला होता, वरून चिकटपट्टी, पट्टीवर आणखी पट्टी. मुंगी शिरणार नाही असं काम झालं होतं. त्याचा तिला अभिमानच होता.

एक कुंडी तिनं बाहेर जिन्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली होती. रोग पसरणारा असेल तर एक तरी वाचावी म्हणून. तिथे ना ऊन, ना पाणी. ठेवली आणि विसरून गेली.

त्या सकाळी ढब्बू दोनदा ओकला. तिनं न्हाणीतला गॅसचा गीझर लावून त्याला पुसलं, कपडे गरम पाण्यात काढले, पुन्हा कपडे, पुन्हा गरम पाणी. तो जितका आजारी, तितकं पाणी जास्त. मग दूध पाजायला घेतला तर तोंड उघडेना. गालावर टिचकी मारली, पापणी हलली नाही. तिनं त्याला खांद्यावर टाकलं. पायात चपला न घालता ती दाराबाहेर आली आणि जिन्यात तिलाच गरगरलं. धरून धरून ती पायरीवर बसली. डॉक्टर पुन्हा हसतील, हसू देत, तेवढं उठता आलं पाहिजे.

बसल्या बसल्या डोक्यावरचा घण हळूहळू सैल झाला. आणि नाकासमोर ती कुंडी होती. पानं हिरवीगार. दांड्यावर एक कळी उमललेली, शेजारी दुसरी फुगलेली.

ऊन नाही, पाणी नाही, कोणाचा हात नाही, आणि हे बरं आहे. मांडीवर ढब्बूनं तोंड वाकडं केलं आणि एक डोळा अर्धा उघडला.

इथे दोघंही बरी होतात. तिघंही. मग इथे असं काय आहे, जे आत नाही?

हवा.

ती ताडकन उठली आणि समोरच्या काकूंचं दार दोन्ही मुठींनी बडवलं. "ह्याला धरा. खिडकीपाशी बसा. आमच्या घरात येऊ नका."

"अगं, पण झालंय काय?"

"काकू, धरा म्हणते ना."

दम रोखून ती आत गेली. गीझर अजून चालू होता. झाकणाच्या फटीतून तिनं पाहिलं: ज्योत निळी नव्हती. पिवळी, आळशी, जीभ बाहेर काढल्यासारखी, आणि वरच्या पत्र्यावर काजळी. गॅस अर्धवट जळत होता, आणि त्या धुराला बाहेर जायची एकच वाट होती. ती तिनं स्वतःच्या हातांनी बुजवली होती. तिनं गॅस बंद केला, खिडकी उघडली, स्टुलावर चढून पुठ्ठा ओढला. तो निघेना. नखं तुटली, पट्टी निघेना. किती नीट चिकटवलं होतं मेलं. शेवटी अर्धाच फाटला, तेवढ्यातून गार झोत तिच्या तोंडावर आला, आणि ती बाहेर पळाली.

नवऱ्याला फोन लावला. "पानं का पिवळी पडतात ते कळलं."

"मी कामात आहे गं. पुन्हा झाडं?"

"ऐक. तुझं डोकं रविवारीच का दुखतं?"

पलीकडे तो खुर्ची सरकवत उठला. मग म्हणाला, "ढब्बू कुठाय?"

मोठ्या रुग्णालयात या वेळी कोणी हसलं नाही. तिनं दारातच सांगितलं, गीझर, बंद झरोका, धूर; तशी परिचारिकेनं पोर हातातून घेतलंच. रक्त काढलं. एवढ्याशा तोंडावर प्राणवायूच्या नळीचा मुखवटा बसवला, दुसरा तिच्या तोंडावर. रक्तात विषारी वायू सापडला. "वेळेवर आणलंत," डॉक्टरीण म्हणाली. "आणखी एक आंघोळ झाली असती, तर सांगता आलं नसतं." पुढे काही त्रास राहील का, या प्रश्नावर ती म्हणाली की बहुधा नाही, पण लक्ष ठेवावं लागेल.

बहुधा. तो शब्द तिनं मनात घोळवला, दोन्हीकडून चाखून बघितला.

नवरा धापा टाकत आला तेव्हा ढब्बूला झोप लागली होती. गाल गुलाबी, छाती वरखाली. ती खाटेशी वाकली आणि तिनं त्याच्या तळपायाला बारीक चिमटा काढला. ढब्बूनं पाय आखडला आणि भोकाड पसरलं.

"अहो बाई, खरी झोप आहे ही," परिचारिका वैतागली. "झोपू द्या की त्याला."

ती मागे सरली. ढब्बू मुसमुसत पुन्हा झोपला. नवरा खाटेची कड धरून उभा होता. त्यानं परिचारिका दाराबाहेर जाईपर्यंत वाट पाहिली.

"अजून एकदा," तो हळूच म्हणाला. "अजून एकदा काढ चिमटा."