शेवटचा भाग तानाबाईकडे

रोहण्याच्या वाचनालयात एक जाडजूड जुनी कादंबरी होती. गावात तिचा मान मोठा, वाचक एकही नाही. अध्यक्ष प्रभाकररावांच्या वडिलांनी ती भेट दिलेली, म्हणून तिच्यावरची धूळसुद्धा मानाची. ग्रंथपाल अण्णाजींच्या जिवाला मात्र ते खुपायचं. एवढी रसाळ गोष्ट आणि लोक नुसत्या वजनालाच भितात! अठ्ठ्याहत्तर साली, कापूस वेचणीच्या दिवसांत, त्यांनी सरळ सुरी घेतली, पुस्तकाचे भाग पाडले आणि दाभणाने एकेक वेगळा शिवला.

पातळ भाग कापूस वेचणाऱ्या बायकांच्या ओटीत मावू लागला. दुपारी एकीने वाचायचं, बाकीच्यांनी भाकर खात ऐकायचं. हिरालाल शिंपी तर गिऱ्हाइकाची मापं विसरू लागला. तानाबाई आणि तिची सून धुरपता यांचं एरवी विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्याही चुलीशी एकत्र बसू लागल्या. सून वाचे, सासू ऐके.

अशात प्रभाकररावांनी वार्षिक समारंभात त्या पुस्तकाला हार घालायचं ठरवलं. पुस्तक कापल्याचं कळलं, तर अण्णाजींची नोकरी जाणार होती. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? त्यांनी घरोघर फिरून भाग गोळा केले. शेवटचा तेवढा तानाबाई देईना.

"सून बाळंतपणाले माहेरी गेली, अण्णाजी. तिच्याबिगर मी शेवट ऐकत नाई."

अण्णाजींनी हिसकावला नाही. त्या जागी जुन्या पंचांगाची पानं घालून पुस्तक पुन्हा शिवलं आणि देवावर भार टाकला.

प्रभाकररावांनी हार घातला, वरून हात फिरवला. उघडलं काही नाही.

"वा! जसंच्या तसं जपलंत. आता हे कुलपात ठेवा. कोणाला द्यायचं नाही."

अण्णाजी सुटले होते. मान डोलावली की झालं. पण समोर हिरालाल बसला होता. तिसऱ्या भागाच्या शेवटी नायक पुरात वाहून गेलेला, पुढे काय झालं ते बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याचा उतरलेला चेहरा पाहून अण्णाजींना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी हार बाजूला केला, सुरी काढली आणि शिवण उसवली. पंचांगाची पानं प्रभाकररावांच्या पायाशी पडली.

"घ्या हिरालालभाऊ, चौथा भाग."

"उद्यापासून येऊ नका," प्रभाकरराव म्हणाले आणि निघून गेले.

हिरालालने ते ऐकलंच नाही. तो वाचायला लागला होता. अण्णाजी पानं गोळा करायला वाकले, तेव्हा तानाबाई जवळ आली.

"धुरपता परवा येणार हाये. शेवट ऐकाले घरी येजा, अण्णाजी."