समासातली पेन्सिल

हिराचा पाय प्लास्टरमध्ये गेला तेव्हा बारावीचं निम्मं वर्ष उरलं होतं. पालघरच्या कॉलेजनं परीक्षेला बसू देतो म्हणून सांगितलं; अभ्यास मात्र घरीच करायचा. बाकीचे विषय ती वाचून निभावत होती. गाडं अडलं ते गणितापाशी. तिला मुंबईला केमिकल इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि त्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत निम्मे गुण गणिताचे. पोरगी दहावीपर्यंत मराठी शाळेतली, पुढची पुस्तकं सगळी इंग्रजीत.

तिचा बाप खंडेराव सातवी शिकलेला, तारापूरच्या वीजकेंद्रात फिटर. पोरीला कशावरून शिकवायचं, हे ठरवणं त्याच्या गळ्यात आलं. पाळीतला जोडीदार चंद्रभान म्हणत होता, पुण्याच्या टपाल-वर्गात नाव घाल. मराठीत समजावलेले धडे घरी येतात, सोडवून पाठवले की तपासून मिळतात. नोंदणी महिनाअखेर बंद होणार होती.

तेवढ्यात एका साहेबांची बदली झाली आणि खंडेराव त्यांचं सामान ट्रकवर चढवायला गेला. ट्रकमध्ये मावलं नाही ते चढवणाऱ्यांनी न्यायचं, ही कॉलनीची रीत. कुणी कुंड्या उचलल्या, कुणी मोडकी खुर्ची. साहेबांच्या पत्नी प्रेमलाबाईंनी खंडेरावापुढे गणिताची चार जाड पुस्तकं धरली.

"तुमच्या मुलीला द्यायचीय तीच परीक्षा आमच्या मुलानं यांच्यावरच काढली. समासात बघा, प्रत्येक पायरी मराठीत लिहिलीय त्यानं."

खंडेरावानं पान उघडलं. इंग्रजी त्याला कळेना, पण कडेची पेन्सिल वाचता आली. 'इथे चिन्ह बदलतं.' 'हे का? मागचं पान बघ.' जिवंत मास्तरच घरी न्यायला मिळाला असं त्याला वाटलं.

"फुकटचं दिसलं की विरघळलास," चंद्रभान म्हणाला. "अडलं तर पुस्तक बोलणाराय का?"

"तुझं टपाल तरी कुठं बोलतंय? येईल तवा येईल."

त्यानं नाव घातलं नाही. पुस्तकं घरात पेटीवर ठेवली आणि तसाच हिराला घेऊन पालघरला दवाखान्यात गेला. प्लास्टर बदलायचं होतं, मुक्काम लांबला. तिकडेच महिना संपला.

परत आले तेव्हा चारी पुस्तकांना खाकी कव्हरं चढली होती. वरच्या पुस्तकावर हळदकुंकू वाहिलेलं. हिराची आई सोजराबाई दारातच हसत उभी.

"कुण्या मेल्यानं सगळीकडं खरडून ठेवलं होतं. खोडून खोडून रबर संपलं, मग शिळ्या पावानं घासलं. माझ्या पोरीनं का दुसऱ्याच्या उष्ट्यावर शिकावं?"

तिला वाचता येत नव्हतं. पण दरवर्षी जूनमध्ये हिराला जुनी पुस्तकं मिळत, आणि ती अशीच पुसून, कव्हर घालून पोरीच्या हातात द्यायची, हे काम तिचं होतं.

"चारी पुसलीस?" खंडेरावानं विचारलं.

"एक पान सोडलं नाही."

त्यानं वरचं पुस्तक उघडलं; समास कोरा होता. रागवायचं कुणावर? त्यानं तिला सांगितलंच कुठं होतं? हिरानं बापाकडं बघून हळूच मान हलवली. बोलू नका.

चंद्रभाननं पुण्याला पत्र टाकून पाहिलं. उत्तर आलं, आता पुढच्या वर्षी.

एका सकाळी हिरानं खिडकीत पुस्तक तिरकं धरलं. "आबा, वळ उठलेत. दाबून लिहायचा तो." ती बोटानं अक्षरांचा माग काढत वाचू लागली, वहीत उतरवू लागली. दोन धडे तसे निघाले. खंडेराव कामावर शीळ घालत गेला.

तिसऱ्या धड्यापासून कागद सपाट होता.

"त्याला येत गेलं तसा त्याचा हात हलका झाला, आबा," हिरा म्हणाली. "मला तर इथूनच येत नाही."

खंडेरावानं पुस्तक घेतलं. लोखंडावरची केसाएवढी चीर त्याच्या बोटांना कळायची. त्यानं समासावरून बोट फिरवलं, पान उलटलं, पुन्हा फिरवलं. कागदच लागला.

दोघं पानावर वाकलेली बघून सोजराबाई चुलीपासून म्हणाली, "कुठं राहिलंय का गं पुसायचं? पाव आहे अजून."

"नाही आई," हिरा म्हणाली. "काही नाही राहिलं."